परसाकडची गोष्ट

मंगळवार पेठेत माझी खानावळ.
पहाटे पाचला पाट्यावर कांदा-खोबरं,
दहाला तांबड्यावर कट येतो,
बाराला दारात पैलवानांच्या चपला.
एवढ्या तोंडांत काय जातं, ते जन्मभर मोजलं.
पुढं त्याचं काय होतं, कुणी बोललं नाही.
जेवणाच्या घरात बोलायचं नसतं म्हणे.

दादाही बोलला नाही.
हिंदुराव चौगले,
तालमीत हजार बैठका मारणारा,
नंतर शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर लोडाला टेकला
तो तीस वर्षं टेकूनच राहिला.
खुराक पैलवानाचा, चाल लोडाची.
रक्त दिसलं तेव्हा म्हणाला, उष्णता हाय.
मग म्हणाला, मूळव्याध.
स्टँडामागच्या वैदूची पुडी
आठ महिने ताकातनं घेतली, निमूट.
अंग उतरलं तर गल्ली म्हणाली,
पैलवान आता हलका झाला, झ्याक दिसतो.
दवाखान्यात पोचला तेव्हा
मोठ्या आतड्यातली गाठ
लिव्हरात बिऱ्हाड करून बसली होती.

चौपन्नावं लागलेलं.
वैनीला त्याचं सगळं ठाऊक, सदऱ्याचं माप, आमटीतलं मीठ.
ते लाल तेवढं ठाऊक नव्हतं.

दिवस झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं.
"वय?"
"सत्तेचाळीस."
"सख्खा भाऊ ना? मग तुमचीही तपासणी. दुर्बिणीची."
दुर्बीण म्हटल्यावर मला पन्हाळा आठवला,
शाळेची सहल, रुपया टाकून बघितलेलं खालचं खोरं.
ही वेगळीच निघाली.
आदल्या रात्री ते औषधाचं पाणी, तांब्यामागून तांब्या,
आणि मी आत-बाहेर, आत-बाहेर,
एकटीच हसत:
जन्मभर टोप घासले,
आज मीच टोपासारखी घासून निघाले.

आत एक कोंब होता. वाटाण्याएवढा.
तिथल्या तिथं खुडला.
"आत्ता साधा आहे," बाई म्हणाल्या,
"दहा वर्षांनी काय झाला असता, सांगता येत नाही."
मटार सोलताना अजून हात थांबतो.

रस्सा रोज करते. जेवते रविवारी, दोन फोडी.
एरवी नाचणीची भाकरी, घेवड्याची उसळ,
कपिलतीर्थातनं आणलेला चाकवत,
काकडी सालीसकट.
चव मात्र तळहातावर थेंब घेऊन बघतेच,
ते सोडलं तर धंदा बसेल.
मिश्री सुटायला सव्वा वर्ष लागलं.
डबी फळीवर आहे, रिकामी.
खोटं कशाला बोलू, कधी कधी वास घेते.
दुपारची भांडी झाली की रंकाळा.
एक फेरी. गुडघा कुरकुरला तर अर्धी,
संध्यामठाकडं बघत कठड्यावर बसून परत.
एवढं केलं म्हणजे काही होणारच नाही
असं कुणी लिहून दिलेलं नाही.
कडी लावून झोपलं तरी चोर येतो कधी.
म्हणून दार कोण सताड ठेवतं?

काल भाचा आला, संग्राम. दादाचा धाकटा.
ताट समोर, घास नाही.
"आत्ती," खाली बघून म्हणाला, "जरा पोटाचं..."
"पोटाचं काय?"
गप्प. दादाचीच मान, दादाचंच गप्प.
दहा-बारा गिऱ्हाईक जेवत होतं.
मी पळी खाली ठेवली.
"परसाकडं रक्त पडतं का? मोठ्यानं सांग."
एका पैलवानाचा घास हवेतच राहिला.
संग्रामच्या कानाच्या पाळ्या तांबड्यालाल.
"दोनदा," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात."

कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसलेले
चांदीकाम करणारे ते चष्मेवाले,
सहा वर्षं येतात, मीठ मागण्यापलीकडं बोललेले नाहीत,
पाण्याचा पेला ठेवत म्हणाले,
"मलाबी."

मी गॅस बारीक केला.
चपला शोधायला लागले.