खालच्या तारा

फेब्रुवारी. वेस्टबी, विस्कॉन्सिन.
चर्चच्या तळघरात कॉफीची भलीमोठी किटली,
बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी-साखर चोळलेल्या,
दाराशी ओल्या बुटांची रास.
ऑर्लिन ब्रेक्के पेटीतून फिडल काढतो.
पासष्ट वर्षं गाईंची धार काढलेली बोटं,
आणि ती मात्र लग्नाला निघाल्यासारखी,
अंगभर शिंपल्याची नक्षी, मानेच्या टोकाला सिंहाचं तोंड.

मी मागच्या रांगेत.
चीजच्या कारखान्यात दिवसभर जिवाणू मोजते,
मैत्रिणीनं ओढून आणलं म्हणून आले होते,
अंगातला कोटही काढला नव्हता.

त्यानं गज टेकवला.
वरच्या तारा बोलल्या,
आणि त्यांच्या खालून
त्यानं न छेडलेलं काहीतरी उठलं.

ते काय, हे आधी हातांना कळलं.

मिरजेत बाबा तरफा बसवायचे.
शाळेतून आले की मी बारक्या खुंट्यांना खडू लावून द्यायची.
हिला कुणी हात लावत नाही, ते म्हणत,
शेजारीण बोलली की ही राहवत नाही म्हणून बोलते.

मध्यंतरात मी पुढे गेले. तरफ, म्हटलं.
"तराफ," ऑर्लिन म्हणाला, आणि मान हलवली,
शेताची हद्द कुठवर ते कळल्यासारखी.

नाचाच्या गतीला मात्रा तीन,
पहिली ऐसपैस, तिसरी चिमटीएवढी.
मी बोटांवर मोजत होते, दर वेळी चुकत होते.
त्याचा बूट फरशीवर चुकत नव्हता.
"मोजू नकोस," तो म्हणाला, "पाय टाक."

मग गोष्ट सांगितली:
तिकडे धबधब्यात एक वस्ताद राहतो.
गुरुवारी संध्याकाळी बकऱ्याची तंगडी पाण्यात टाकायची.
(गुरुवारी! मला हसू आलं.)
मांस भरपूर असेल, तर बोटं धरून वाजवायला शिकवतो.
कमी पडलं, तर नुसतं जुळवायला.
"आमच्या पणजोबानं हाडूकच दिलं असणार."
नॉर्वेजियन त्याला येत नाही,
जेवणाआधीची प्रार्थना आणि दोन शिव्या सोडल्या तर.

मार्चमध्ये, त्याच्या स्वयंपाकघरात,
मी तुटलेली दुसरी तरफ बसवली.
बाबांच्या डब्यातलं पोलादी वेटोळं,
नऊ वर्षं सुटकेसच्या कप्प्यात.
का आणलं होतं, कुणास ठाऊक.
खुंटीला खडू. माझ्या नाकावर त्याचा चष्मा.

वरची तार वाजली. नवी गप्प.
केसभर पिळली. गप्प.
"मांस कमी पडलं," ऑर्लिन म्हणाला.
आणखी अर्धा केस.

त्यानं गज उचलला,
वरच्या तारेवर बोट ठेवून तिला थांबवलं.

फ्रिज घरघरत होता.
तरी ऐकू आली,
त्याला आधी, की मला,
ते आम्ही विचारलं नाही.