दोन्ही बाजूंनी झेरॉक्स

पूर्णगडच्या एसटी थांब्यासमोर माझं दुकान,
आठ बाय दहा, पत्र्याखाली एक पंखा.
खाडीची खारी हवा प्रिंटरचे दात खाते
म्हणून रात्री मी त्याला जुन्या पातळात गुंडाळून ठेवते.

पासपोर्टचे फॉर्म भरते. दुसऱ्यांचे.
कुवेतला जाणाऱ्यांचे, दोह्याला, एकदा तर फिजीला.
उंची, बापाचं नाव, अंगावरची खूण.
अर्ध्या गावाचे तीळ मला पाठ आहेत.

आज गावखडीच्या होमस्टेवाल्या सरपोतदारांना
दोन डच पाहुण्यांची नोंद चोवीस तासांत करायची होती.
नेट गेलं, आलं, गेलं.
पाहुणे बाहेर शहाळं पीत उभे,
आणि मी आत एकेक रकाना भरून
त्यांना पुन्हा एकदा देशात घेत होते.

बाकावर इस्माईलचाचा फणसोपकर,
बावीस वर्षं बोटीवर काढलेले.
"आम्हाला कसला व्हिसा, बाय? शोअर पास.
रात्री बाराच्या आत बोटीवर परत.
योकोहामा बघितलं ते एवढंच,
धक्क्यापासून चपलांच्या दुकानापर्यंत."

त्यांच्याही मागे, चपला बाहेर काढून,
दारात लोकेंद्र बोहरा.
गाव त्याला गुरखा म्हणतं.
त्याच्या आधीच्यालाही गुरखाच म्हणायचं.
दिवाळी झाली की येतो, कलमांवरची माकडं हाकतो,
मृगाआधी जातो.
बझांग जिल्हा, तिथून बसने बनबसा,
पूल, पुलावर एक शिपाई.
शिपायाने पिशवीत हात घातला, चिवडा निघाला,
"जा" म्हणाला.
झालं. ना शिक्का, ना मुदत.

नियम तसाच आहे, मी वाचलाय.
नेपाळच्या माणसाला इथं यायला व्हिसा लागत नाही.
पण ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस आहे:
बागेत ठेवलेल्या गुरख्यांचे दोन फोटो, मूळ पत्ता,
मालकाची सही, पोलीस पाटलाची सही,
सोमवारपर्यंत.
देशाच्या दारात ज्याला नाव विचारलं नाही
त्याला आंब्याच्या गडग्याशी ते सांगावं लागतं.

(कुणीतरी म्हणेल, पाखरांना कुठे लागतो व्हिसा.
माकडांनाही लागत नाही.
त्यांना हाकायला माणूस ठेवतात.)

मूळ पत्ता? मी विचारलं.
ओढा, तो म्हणाला. ओढ्यापलीकडे शाळा,
शाळेच्या वर तीन घरं, त्यातलं निळ्या दाराचं.
रकाना पिनकोड मागत होता.
शेवटी मी सहा शून्यं टाकली.
फॉर्मने मानलं.

फोटोचे चाळीस रुपये त्याने मोजून दिले.
मग म्हणाला, "दीदी, तुम्ही कुठे गेलात बाहेर?"
कोल्हापूर, मी म्हटलं. अंबाबाईला.
आणि एकदा पुण्याला, दिरांच्या ऑपरेशनच्या वेळी.
"आमच्याकडे या. तुम्हालाही व्हिसा नाही.
मतदान कार्ड पुरतं."

किती दिवस राहता येतं?
हे मी धंद्याच्या सवयीने विचारलं,
कुठे तीस, कुठे साठ, कुठे नव्वद, सगळं तोंडपाठ.
त्याला प्रश्नच कळला नाही.
"बर्फ पडायच्या आधी या," म्हणाला,
चपला घातल्या, गेला.

साडेसातला शेवटची रत्नागिरी गाडी सुटली.
शटर अर्ध्यावर आणलं आणि
पर्समधून माझं मतदान कार्ड काढलं.
फोटोत मी तेवीस वर्षांची,
सासरच्या आडनावाला अजून नवीन, डोळे मोठे केलेली.
काचेवर ठेवलं, पुढून.
मग उलटं, मागून.
झाकणाखालून उजेड इकडून तिकडे गेला.

कुणाची प्रत, कशासाठी,
हे वहीत लिहायची शिस्त मीच लावलेली.
गल्ल्यात दोन रुपये टाकले.
नाव लिहिलं.
पुढचा रकाना कोरा ठेवला.