जर्मेनियम

कुडचड्यात सिप्रू मेस्तचं रेडिओचं दुकान, शटर अर्धं खाली.
तो डबा उपडा करतो:
"बारा ट्रान्झिस्टर. नऊ मेलेले. निवड."

मीटर लावून, मग ऐकून एकेक तपासला.
एक गळका, पण आवाजाला
खोबरं खवल्यासारखी कड.
तोच घेतला.

बिस्किटांच्या पत्र्याला भोकं पाडली,
डाग दिले, एक अंगठ्यालाही.

भर दुपारी फझ घोगरा, मध्येच तुटणारा.
मी वायरी हलवतोय. सिप्रू चहात पाव बुडवतो:
"उकाड्यात तो असाच.
आवयच्या रेडिओतला.
ती रातचीच ऐकायची."

थांबलो.
साडेनऊला झुआरीवरून गार वारं.
पायाने स्विच दाबला, एकच तार छेडली,
आणि काळोखात
कोणी काटा फिरवत
स्टेशन शोधत असल्यासारखं
दुकान खरखरलं.