वीस झोके

अंगणवाडीचा काटा लातूरला गेलेला, दुरुस्तीला.
येईल, आशाताई म्हणायच्या.
आषाढ लागला तरी येतच होता.

शिवकांताचं लेकरू आठव्या महिन्यातच आलेलं.
दादानं उदगीरच्या बाजारातून स्प्रिंग आणली,
आढ्याच्या कडीला अडकवली,
खाली आईच्या विरलेल्या इरकलची झोळी.
लेकरू वरखाली होऊ लागलं
आणि मला बारावीचं प्रॅक्टिकल आठवलं,
बिराजदार सर,
"एक झोका मोजू नका गं, वीस मोजा, मग भागा.
माणसाचा अंगठा उशीर करतो."

दुकानातून पाच किलो ज्वारी तोलून आणली,
गाठ मारून झोळीत ठेवली.
वीस झोके, बावीस सेकंद.
थोडं ओढलं काय, जास्त ओढलं काय,
बावीसच.

मग बाळ.
वीस झोके, अठरा सेकंद.

"माझं पोरगं ज्वारीपेक्षा चपळ!" शिवकांता हसली.
मी मान खाली घालून गणित करत बसले.
हलकं असतं ते घाईनं झुलतं.
वेळेचा वर्ग वजनासोबत वाढतो,
पाय लागत नाही, भागाकारात उडतो.
झोळी वजा केली,
आणि स्प्रिंगच्या वजनाचा तिसरा हिस्सा,
(तीही झुलते, सर म्हणायचे, तिला विसरू नका)
उरले तीन किलो, वर दोनशेला थोडे कमी.
कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलं.
तिला नाही सांगितलं.

"ती ज्वारी दळायला कधी न्यायची?"
आई रोज विचारायची.
राहू दे, माप आहे ते.
"ज्वारी कधीपासून माप झाली?"

एकोणीस.
मग एका गुरुवारी वीस झोके, वीस सेकंद,
सेकंदाला एक,
घरात घड्याळ टांगल्यासारखं.
पंचमीला ताप आला,
पुन्हा साडेएकोणीस.
त्या रात्री मी उगाच तीनदा मोजलं,
अंगठ्याचीच चूक असेल म्हणून.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बावीस.
फोन शिवकांताच्या हातात दिला, तू मोज.
ओठ हलवत मोजलं तिनं.
"बावीस. मग?"

मी पिशवीची गाठ सोडायला बसले.
घट्ट बसली होती, दातांनी सोडवली.
आत सोंडे लागलेले.
आई सूप घेऊन आली,
"सांगत होते," म्हणाली,
आणि दारात पाखडायला बसली.
झोळी आत आपली चाललेली,
सावकाश.