दोन श्रेयांक

शनिवारी दोन वाजता
सायन्स फॅकल्टीच्या अकरा नंबरच्या खोलीत
माझी बहीण पहिल्या बाकावर बसते, मी शेवटच्या.

ती अकरावीत. निळा युनिफॉर्म,
वेणीला शाळेचीच पांढरी रिबन,
लोणच्याचा वास येणारं दप्तर.
मी तिसऱ्या वर्षाला,
आणि पहिल्या वर्षाच्या संख्याशास्त्राला अजून.
एटीकेटी. तिसरी खेप.

शाळेत नोटीस लागली होती:
निवडक मुलांना कॉलेजचा एक विषय आधीच करता येईल,
दोन श्रेयांक खात्यात जमा होतील,
पुढे प्रवेश घेतला की वळते होतील.
वैजूने फॉर्म मोठ्याने वाचला
तेव्हा बाबा वाटाणे भिजत घालत होते.
म्हणाले, जमा म्हणजे, व्याज मिळतं का त्यावर?
आई हसली, वैजू हसली.
मी नाही.
तेच दोन श्रेयांक माझ्या नावावर
बाबांच्या वहीतल्या उधारीसारखे
दोन वर्षं लटकलेत.

धोळकियाबेन हजेरी घेतात.
धायबर वैजयंती.
ती ताडकन उभी राहते, येस मॅम.
वर्ग हसतो. कॉलेजात कुणी उभं राहत नाही.
धायबर हेमराज.
बेन चष्म्यावरून बघतात, तमे भाई-बहेन?
हो, मी मराठीतच म्हणतो.
वैजू वळत नाही.
मागून तिचा एक कान दिसतो, लालभडक.
त्यात वर्गाचं हसणं किती आणि मी किती,
मला मोजता येत नाही.

परतताना स्कूटरवर ती गप्प.
विश्वामित्रीच्या पुलावर गर्दी,
मगर वर आली होती म्हणे.
आम्ही थांबलो, कठड्यावरून वाकलो.
पाणी नुसतं हिरवं, जड.
उद्या तरी उभी राहू नकोस, मी म्हटलं.
उद्या रविवार आहे, ती म्हणाली.

दांडिया बाजारात रात्री दहानंतर
गिऱ्हाईक ओसरतं, तर्रीचं पातेलं तळाला लागतं.
त्या रात्री वैजू वही घेऊन लारीमागे बसली होती,
शेजारच्या मिठाईवाल्याचा काटा मागून आणलेला.
बाबांची प्रत्येक मूठ आधी काट्यावर, मग उसळीवर.
एकतीस. अठ्ठावीस. तीस. सत्तावीस.
गिऱ्हाइकं खेकसत होती, अरे बेन, खावा तो दे!
वीस प्लेटा झाल्या तेव्हा म्हणाली,
हे बघ दादा, सरासरी तीसच्या जरा वर.
आता प्रत्येक मूठ तिथून किती लांब, ते काढ.
आणि वर्ग कर.
वर्ग का?
नाहीतर उणे आणि अधिक एकमेकांना खाऊन टाकतात,
आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.

तीन वर्षं मी सूत्र पाठ करत होतो.
का, हे कुणी सांगितलं नव्हतं,
आणि मीही विचारलं नव्हतं, हेही खरं.

मग तिची पेन्सिल एका आकड्यावर अडली.
ही बावन्न कुणाची?
बाबा पातेलं खरवडत राहिले.
शेवटची प्लेट मी खाल्ली होती.
दुपारीच निकाल लागला होता, पुनर्तपासणीचा.

बेन म्हणतात, एखादी नोंद फारच लांब पडली
तर चूक आहे का बघावं,
चूक असेल तर गाळावी.
वैजूने बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
पेन्सिल कानामागे खोचली.
राहू दे, म्हणाली,
विचलन वाढेल. वाढू दे.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा उभी राहिली.
या वेळी दोघं-तिघंच हसले.
मग बेननी माझं नाव घेतलं
आणि कसं कोण जाणे
मी बाकावरून अर्धा उठलो,
गुडघा फळीवर आपटला,
येस मॅम म्हणताना आवाज
नववीतला निघाला.