दशलक्षात पंधरा

रात्री अडीच वाजता बालेवाडीत
अकरा जहाजं माझ्या हवाली असतात.
सहाव्या मजल्यावर, एसीत, स्वेटर घालून
मी बघतो कोण किती तेल पितंय,
कुणाच्या धुरात किती गंधक,
कुणी कुठल्या बंदराचं पाणी पोटात भरलंय
आणि ते कुठं ओतायची मुभा आहे.

सोसायटीतले खरवंडीकर दर दिवाळीला विचारतात,
"बोटीवरचा माणूस पुण्यात काय करतो हो?"
समुद्र इथून पश्चिमेला, फार लांब नाही.
पण मुळेला ते कुणी सांगितलेलं नाही.
ती निघते उलटी, पूर्वेला,
सगळं शहर डोक्यावर घेऊन
दूरच्या समुद्राकडे.

त्याच समुद्रात आज 'कॅलिस्टा बे' आहे,
आणि तिची रेघ सरळ आहे.

बिल्जच्या पाण्यात तेल किती, ते सांगणारी रेघ.
दशलक्षात पंधरा भाग, हा नियम.
वर गेलं की झडप बंद, पाणी परत टाकीत.
तिची रेघ चारवर.
बारा वाजल्यापासून चार.
जहाज सतरा अंश कलतंय,
खाली चहाचा कप जागेवर राहत नसेल,
आणि तेल मात्र हाताची घडी, तोंडावर बोट.

समुद्र सरळ रेघ मारत नाही.
सरळ रेघ माणूस मारतो.

मला इथून नळी दिसते.
अर्ध्या इंचाची, गोड्या पाण्याच्या नळाला लावलेली,
दोन क्लिपा.
यंत्राला स्वच्छ पाणी पाजायचं,
काळं पाणी समुद्राला.
दिसते, कारण सत्त्याण्णव साली
मालदीवच्या खाली कुठंतरी
ती क्लिप मी आवळली होती.
चीफ म्हणाला होता, "मोंडकर, बंदरात गाळ उतरवला
तर बिल येतं. समुद्र बिल पाठवत नाही."
सकाळी मागं पाहिलं तर पाण्यावर
मैलभर इंद्रधनुष्य.
सुंदर होतं.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

बारा ते चारच्या पाळीवर नाव आहे: रिझवान पांगारकर, दाभोळ.
लोणीला शिकवायला जायचो तेव्हा शेवटच्या बाकावर असायचा.
एकदा उठून म्हणाला,
"सर, नियम आणि चीफ, दोघांत कुणाचं ऐकायचं?"
वर्ग हसला. मीही हसलो.
उत्तर काय दिलं, आठवत नाही.

पडद्यावर चौकोन: शेरा.
'सेन्सर सदोष' लिहिलं तर कुणाचंच काही जात नाही.
'तपासणी करावी' लिहिलं
तर पुढच्या बंदरात माणसं चढतील,
नळी सापडेल,
चीफ ती ओळखणार नाही,
आणि ज्याच्या हाताला ग्रीस, त्याचा पासपोर्ट.

खाली उतरून पुलावर जातो.
मुळा फेसाळलेली, वास उभा.
जलपर्णी काठापासून काठापर्यंत;
तीही अशीच कुणा परदेशातून आलेली,
न विचारता, आणि इथलीच झालेली.
हिच्यावर कुणाची रेघ नाही.
चार नाही, चारशे नाही.
टपरीवाला पाणी ओतून कप विसळतो,
ते पाणी कुठं जातं
ते आम्ही दोघं बघत नाही.

तीन चाळीस. उपग्रहावरून फोन.
"रिझवान, नळी काढ."
आवाजाला वर जाऊन खाली यायला वेळ लागतो.
त्याहून थोडा जास्त लागला.
"कुठली नळी, सर?"
"मी लावायचो, तीच."

चार. चार. चार.
नऊ.
एकतीस.
छपन्न, झडप बंद, लाल दिवा,
रेघ थरथरत वर, खाली, परत वर.
इतक्या वर्षांत पडद्यावर
पहिल्यांदा खारा वास आला.

शेऱ्याचा चौकोन अजून रिकामा.
सहाला माझी पाळी संपते.
फॉर्म आधी घटनेची तारीख मागतो.
मी मागं सरकवत नेतो, वर्षामागून वर्ष;
रकाना दोन हजार पंधराला थांबतो.
त्याच्या मागं
जात नाही.