पस्तीस पावलं

लुईझियानाच्या दलदलीवर अजून काळोख.
ओडील टॉर्चखाली काडतुसं निवडते:
चार नंबर बारक्या टीलना पुरेत,
पण वारा उत्तरेचा. हिरव्या मानेचे येतील,
उंचावरून.
मग पोलादी, दोन नंबर.

डब्याच्या तळाशी बापाची जुनी, कागदी,
शिशाची. एक तळहातावर घेते.
जडपणा ओळखीचा.
"लोखंडानं काय मरतंय?"
आल्सीद टिबोडो थुंकून म्हणायचा.
त्याचा हुकलेला बारही मारायचा,
वीस वर्षांनी,
चिखलातला दाणा समजून गिळला की.
पंख ओल्या छपरासारखे ओघळून
बदक नुसतं बसून राहायचं.

पोलाद हलकं, लवकर दमतं.
पस्तीस पावलांपलीकडे ती बंदूक उचलत नाही.
जुनं काडतूस परत तळाशी.

रविवारी गंबोत दाताखाली येईल एखादा छर्रा,
कट्कन.
बापाच्या वेळी निदान दात वाचायचे.